‘उपलब्ध’ स्फुरदाचा आकडा : परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनींच्या संदर्भात मृद्‌परीक्षणाची चिकित्सा

सारांश

माती परीक्षणाच्या अहवालात ‘उपलब्ध स्फुरद, किलो प्रति हेक्टर’ या शीर्षकाखाली दिलेला आकडा जमिनीतील अन्नसाठ्याचे मोजमाप म्हणून वाचला जातो. वस्तुतः तो एका ठरावीक रासायनिक द्रावणाने, ठरावीक वेळात आणि ठरावीक तापमानास मातीतून ओढून काढलेल्या स्फुरदाचा निर्देशांक असतो. त्याला अर्थ येतो तो त्याच प्रकारच्या जमिनीत, त्याच पिकावर घेतलेल्या खतप्रयोगांशी त्याची सांगड घातल्यानंतरच. परभणी जिल्ह्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींसाठी ऑल्सन पद्धतीची निवड योग्य आहे. मात्र नमुना घेणे, विश्लेषण, एकक, वर्गवारी आणि शिफारस या पाच टप्प्यांवर आकड्याचा अर्थ कसा बदलत जातो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रमुख संज्ञा : उपलब्ध स्फुरद, ऑल्सन पद्धत, चुनखडीयुक्त काळी जमीन, निर्णायक पातळी, मृद आरोग्य पत्रिका.

प्रस्तावना

मराठवाड्यात माती परीक्षण हा विषय नवा नाही. परभणी येथे १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ मध्ये या विद्यापीठास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. देशपातळीवर १९५५-५६ मध्ये माती परीक्षण प्रयोगशाळांच्या स्थापनेपासून या कार्याची सुरुवात झाली. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून मृद आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ झाला आणि माती परीक्षणाचा अहवाल प्रयोगशाळेच्या कपाटातून शेतकऱ्याच्या घरात पोहोचला. बारा घटकांची नोंद असलेली ही पत्रिका आज परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊही तालुक्यांत परिचयाची आहे.

पत्रिकेतील बारा घटकांपैकी स्फुरदाचा आकडा सर्वांत अधिक अर्थव्यवहार ठरवितो. सामू किंवा क्षारता यांचे आकडे शेतकरी वाचतो आणि बाजूला ठेवतो. स्फुरदाचा आकडा मात्र थेट डीएपीच्या पोत्यात उतरतो. सोयाबीनसाठी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश ही शिफारस जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. ६० किलो स्फुरद म्हणजे एकरी २४ किलो, आणि डीएपीच्या पन्नास किलोच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद असते. ‘एकरी एक पोते’ हा शेतकऱ्याचा हिशेब आणि शास्त्राची शिफारस येथे जवळजवळ तंतोतंत जुळतात. अशा वेळी माती परीक्षणाने हा हिशेब बदलावयाचा असेल, तर त्याच्या आकड्यामागे तितकेच बळ हवे. ते बळ कोठून येते आणि कोठे कमी पडते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

‘उपलब्ध’ या संज्ञेची घडण

पिकाला मिळू शकणारे अन्नद्रव्य प्रयोगशाळेत मोजण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. १८९४ मध्ये बर्नार्ड डायर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने अनेक वनस्पतींच्या मुळांच्या रसाची आम्लता मोजली आणि त्या आधारे एक टक्का सायट्रिक आम्लाचे द्रावण सुचविले. रॉथमस्टेड येथील दीर्घकालीन बार्ली प्रयोगातील मातीवर त्याने ते तपासले. आपल्या निबंधाच्या शीर्षकात डायरने ‘उपलब्ध’ या शब्दाआधी ‘बहुधा’ या अर्थाचे विशेषण जोडले होते. हा तपशील लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. द्रावणात उतरलेले अन्नद्रव्य आणि पिकाने घेतलेले अन्नद्रव्य एकच नव्हेत, याची जाणीव या विद्याशाखेच्या आरंभीच होती. पुढे पद्धती सुधारत गेल्या, उपकरणे अचूक झाली आणि ‘बहुधा’ हा शब्द मागे पडला.

१९४५ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ब्रे आणि कुर्ट्झ यांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल व अमोनियम फ्लोराइड यांचे मिश्र द्रावण वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आम्लधर्मी जमिनीत स्फुरद मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधलेला असतो आणि फ्लोराइड तो मोकळा करते. कोकणातील जांभ्या जमिनीसाठी ही पद्धत साजेशी आहे. मराठवाड्यातील चुनखडीयुक्त जमिनीत मात्र तिचे गणित बिघडते. मुक्त चुना आम्लाचा प्रभाव मारून टाकतो, फ्लोराइड कॅल्शियमशी संयोग पावून साक्याच्या रूपाने बाजूला होते आणि निघणारा स्फुरद वास्तवापेक्षा कमी दिसतो.

ही अडचण १९५४ मध्ये स्टर्लिंग ऑल्सन, कोल, वातानाबे आणि डीन यांनी सोडविली. त्यांनी ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण ८.५ सामूवर वापरले. या द्रावणातील बायकार्बोनेट व कार्बोनेट आयन कॅल्शियमला चुन्याच्या रूपात खाली बसवितात. कॅल्शियमची सक्रियता घटली की त्याला जखडलेला फॉस्फेट द्रावणात उतरतो. येथे चुना पद्धतीच्या आड येत नाही, कारण पद्धत चुन्याच्याच रसायनावर उभी आहे.

परभणीची जमीन आणि पद्धतीची निवड

परभणी जिल्ह्याची बहुतेक जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या काठी ती खोल, भारी आणि काळी आहे. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात ती उथळ, हलकी व मुरमाड होते. चिकणमातीचे प्रमाण अधिक, तिच्यात स्मेक्टाइट खनिजाचे प्राबल्य, पाण्याने फुगणे व उन्हाने भेगाळणे, अल्कधर्मी सामू, खालच्या थरांत चुनखडीचे खडे आणि सेंद्रिय कर्बाचे अल्प प्रमाण ही या काळ्या जमिनीची परिचित लक्षणे होत. पालाश भरपूर, नत्र कमी आणि स्फुरद कमी ते मध्यम, असे तिचे सर्वसाधारण चित्र आढळते. जायकवाडीचा डावा कालवा, पूर्णा प्रकल्प आणि लोअर दुधना यांच्या लाभक्षेत्रात काही ठिकाणी क्षारांचा व चोपणपणाचा प्रश्नही उद्‌भवतो.

अशा जमिनीसाठी ऑल्सन पद्धत निवडण्यात काहीही चूक नाही. माती परीक्षणावर टीका करताना अनेकदा पद्धतीलाच दोषी धरले जाते. ती टीका परभणीच्या बाबतीत टिकत नाही. प्रश्न पद्धतीच्या निवडीचा नसून तिच्या अटी पाळल्या जाण्याचा आणि तिच्या आकड्याला अर्थ देण्याच्या रीतीचा आहे.

प्रयोगशाळेतील अटी

ऑल्सन पद्धतीत अडीच ग्रॅम माती ५० मिलिलिटर द्रावणात ३० मिनिटे हलविली जाते. गाळलेल्या अर्कात अमोनियम मॉलिब्डेट मिसळून, योग्य क्षपणकाच्या साहाय्याने निळा रंग आणला जातो आणि त्याची तीव्रता मोजली जाते. मर्फी व रायली यांनी १९६२ मध्ये सुचविलेली ॲस्कॉर्बिक आम्लाची रीत आता सर्वत्र रूढ आहे. कृती सोपी आहे. तिच्यातील चार अटी मात्र सहज निसटणाऱ्या आहेत.

पहिली अट तापमानाची आहे. ऑल्सन व सहकाऱ्यांच्या मूळ अभ्यासातच असे दिसून आले की, किलोमागे ५ ते ४० मिलिग्रॅम स्फुरद दाखविणाऱ्या जमिनींत २० ते ३० अंश सेल्सिअस या टप्प्यात तापमान एका अंशाने वाढले की निघणारा स्फुरद सुमारे ०.४३ मिलिग्रॅमने वाढतो. पाच अंशांचा फरक म्हणजे किलोमागे दोन मिलिग्रॅमहून अधिक. मुळातच स्फुरद कमी असलेल्या मातीत हा फरक थोडा लहान असू शकेल, परंतु वर्गवारीच्या सीमेवरील नमुन्याचा वर्ग बदलण्यास तो पुरेसा ठरतो. मराठवाड्यात मातीचे नमुने प्रामुख्याने रब्बीची काढणी झाल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत गोळा होतात. परभणीत त्या काळात पारा ४० अंशांपलीकडे जातो. हलवणीयंत्राची खोली वातानुकूलित नसेल, तर मे महिन्यात तपासलेली माती जानेवारीत तपासलेल्या त्याच मातीपेक्षा ‘सुपीक’ ठरण्याचा संभव राहतो. अहवालावर तपासणीची तारीख असते. तपासणीवेळचे तापमान नोंदविण्याची रीत मात्र रुळलेली नाही.

दुसरी अट द्रावणाच्या सामूची आहे. बायकार्बोनेटचे द्रावण उघडे राहिले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू ८.५ च्या वर सरकतो. म्हणून द्रावण ताजे असावे किंवा वापरण्यापूर्वी त्याचा सामू तपासावा लागतो. तिसरी अट कोळशाची आहे. अल्कधर्मी अर्कात सेंद्रिय पदार्थांचा तपकिरी रंग उतरतो आणि तो घालविण्यासाठी क्रियाशील कोळसा वापरतात. त्या कोळशातच स्फुरदाचा अंश असेल, तर तो मातीच्या खाती जमा होतो. कोळसा धुऊन स्फुरदमुक्त करणे आणि प्रत्येक तुकडीसोबत मातीविना कोरा नमुना चालविणे हाच त्यावर उपाय आहे. चौथी अट हलविण्याचा वेळ व वेग यांची आहे. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. नमुन्यांचा ढीग साचला म्हणून तो वीस मिनिटांवर आणता येत नाही.

या चारही अटी महागड्या उपकरणांवर अवलंबून नाहीत. तापमापी, सामूमापी, कोरा नमुना आणि घड्याळ एवढ्यावर त्या पाळता येतात. विश्लेषणाच्या गुणवत्तेची चर्चा उपकरणांच्या किमतीभोवती फिरते, तेव्हा ही गोष्ट नजरेआड होते.

नमुना : अडीच ग्रॅम माती कोणाची?

प्रयोगशाळेत तोललेली अडीच ग्रॅम माती कोणत्या क्षेत्राचे प्रतिनिधित्व करते, हा यापुढचा प्रश्न. मृद आरोग्य पत्रिका योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरच्या आणि कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना घेण्याचे धोरण होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिती खाते १.३४ हेक्टरचे होते. म्हणजे कोरडवाहू भागात सरासरी सात खातेदारांच्या वाट्याला एकच विश्लेषण आले. गोदाकाठच्या सलग काळ्या रानात ही सरासरी एक वेळ चालू शकेल. जिंतूर तालुक्यातील उतारावर मात्र दहा हेक्टरांत माळाची मुरमाड जमीन, मध्यावरची मध्यम जमीन आणि ओढ्याकाठची भारी जमीन अशा तीन भिन्न जमिनी येतात. त्यांची सरासरी त्यांपैकी कोणत्याच जमिनीची नसते. २०१९-२० मध्ये आदर्श गाव उपक्रमातून प्रत्यक्ष खातेदाराच्या जमिनीतून नमुने घेण्याकडे धोरण वळले. त्यामागे या उणिवेची कबुलीच होती, असे म्हणता येते.

स्फुरदाच्या बाबतीत नमुन्याची अडचण आणखी खोल आहे. नायट्रेटप्रमाणे स्फुरद पाण्यासोबत वाहत नाही. दिलेल्या जागेपासून तो अत्यंत अल्प अंतर सरकतो. खत पेरणीच्या यंत्राने बियाण्याखाली पट्ट्यात पेरले असेल, तर पुढील हंगामातही तो पट्टा आजूबाजूच्या मातीपेक्षा समृद्ध राहतो. खुरप्याने घेतलेले पंधरा उपनमुने तासावर पडले की आकडा फुगतो आणि दोन तासांच्या मधोमध पडले की आकसतो. बांधाजवळ, झाडाखाली, जनावरे बांधण्याच्या जागी किंवा शेणखताच्या ढिगाच्या ठिकाणी नमुना घेऊ नये, ही सूचना प्रत्येक पत्रकात असते. मागील पिकाचे तास टाळावे की त्यांचे प्रमाण राखावे, याविषयी मात्र पत्रके सहसा मौन पाळतात. स्फुरदाच्या आकड्यासाठी ही सूचना इतर कोणत्याही सूचनेइतकीच महत्त्वाची आहे.

एकक : एका आकड्याची तीन रूपे

प्रयोगशाळेत मिळणारे उत्तर किलोमागे मिलिग्रॅम या एककात असते. शेतकऱ्याला ते किलो प्रति हेक्टरमध्ये सांगण्यासाठी २.२४ ने गुणले जाते. या गुणकात एक गृहीतक दडलेले आहे. एक हेक्टर क्षेत्रातील सुमारे पंधरा सेंटिमीटर जाडीच्या थराचे वजन २२.४ लाख किलो मानलेले आहे. त्यासाठी मातीची घनता घनसेंटिमीटरमागे सुमारे दीड ग्रॅम असावी लागते. काळ्या जमिनीची घनता ओलाव्यानुसार बदलते आणि वरच्या नांगरट थरात ती बहुधा याहून कमी असते. शिवाय नमुन्याचा खड्डा प्रत्यक्षात अनेकदा वीस सेंटिमीटर खोल घेतला जातो.

समजा, मातीत किलोमागे ४ मिलिग्रॅम स्फुरद आढळला. रूढ गुणकाने तो हेक्टरी ९.० किलो होतो. वीस सेंटिमीटरचा थर व १.३ घनता धरल्यास तोच आकडा १०.४ किलो होतो. देशपातळीवरील प्रचलित वर्गवारीत मूलद्रव्याच्या रूपात हेक्टरी १० किलोपेक्षा कमी स्फुरद ‘कमी’, १० ते २५ किलो ‘मध्यम’ आणि त्यापुढे ‘जास्त’ मानला जातो. माती तीच, विश्लेषण तेच, तरी पहिल्या हिशेबाने जमीन ‘कमी’ आणि दुसऱ्या हिशेबाने ‘मध्यम’ ठरते.

दुसरा गोंधळ रूपाचा आहे. मातीतील स्फुरद बहुधा मूलद्रव्याच्या रूपात सांगितला जातो, तर खताच्या पोत्यावरील व शिफारशीतील स्फुरद ऑक्साइडच्या रूपात असतो. एक किलो मूलद्रव्य म्हणजे २.२९ किलो ऑक्साइड. वरील ९.० किलो ऑक्साइडरूपात २०.५ किलो होतात. महाराष्ट्रातील सहा स्तरांच्या वर्गवारीत मूलद्रव्यरूपात ७ किलोपर्यंत ‘अत्यंत कमी’, ७ ते १४ ‘कमी’, १४ ते २१ ‘मध्यम’ असे टप्पे आहेत. २०.५ हा ऑक्साइडचा आकडा चुकून या सारणीत वाचला गेला, तर ‘कमी’ जमीन ‘मध्यम’च्या वरच्या टोकाला जाऊन बसते. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे अहवाल किंवा निरनिराळ्या काळातील शोधनिबंध यांची तुलना करताना एकक तपासले नाही, तर जमिनीची सुपीकता वाढल्याचा अथवा घटल्याचा भास केवळ गुणाकारातून निर्माण होऊ शकतो.

वर्गवारी आणि क्षेत्रीय पडताळणी

आकडा ‘कमी’ की ‘जास्त’ हे रसायनशास्त्र सांगू शकत नाही. ते पीक सांगते. त्यासाठी निरनिराळ्या स्फुरद-पातळीच्या शेतांत खत देऊन व न देता पीक घ्यावे लागते आणि खताला प्रतिसाद कोणत्या आकड्यापुढे थांबतो हे पाहावे लागते. केट आणि नेल्सन यांनी १९६५ मध्ये हा बिंदू आलेखावरून ठरविण्याची सोपी रीत दिली. त्या बिंदूस निर्णायक पातळी म्हणतात. भारतात १९६७-६८ पासून माती परीक्षण व पीक प्रतिसाद यांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प याच दिशेने काम करीत आला आहे. रामामूर्ती व सहकाऱ्यांनी मांडलेली अपेक्षित उत्पादनानुसार खतमात्रेची समीकरणे ही त्याची महत्त्वाची देणगी होय.

तथापि, पत्रिकेवरील ‘कमी-मध्यम-जास्त’ हे शिक्के मुख्यत्वे सर्वसाधारण वर्गवारीतून येतात. एकच सीमारेषा सर्व जमिनींना व सर्व पिकांना लावली जाते. ही रेषा काळ्या जमिनीत किती सैल बसते, याचे उत्तम उदाहरण हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांत आढळते. तेथील काळ्या जमिनीत ज्वारीच्या कमाल उत्पादनाच्या ९० टक्के उत्पादन मिळण्यासाठी ऑल्सन स्फुरदाची निर्णायक पातळी किलोमागे सुमारे २.८ मिलिग्रॅम आढळली. तांबड्या जमिनीत ती सुमारे ५ मिलिग्रॅम होती. २.८ मिलिग्रॅम म्हणजे रूढ गुणकाने हेक्टरी ६.३ किलो. ‘कमी’ची देशपातळीवरील सीमा १० किलोची आहे. म्हणजे या दोन आकड्यांच्या मधल्या काळ्या जमिनीत पत्रिका स्फुरदाची उणीव दाखवील, पण ज्वारीला खताचा लाभ फारसा दिसणार नाही.

पाटणचेरूची जमीन परभणीच्या जमिनीशी नाते सांगते, पण ती परभणीची जमीन नव्हे. ज्वारीची पातळी सोयाबीनला किंवा कपाशीला लागू करणेही चूक ठरेल. या उदाहरणाचे महत्त्व २.८ या आकड्यात नाही. ते जमीन बदलली की रेषा जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, या वस्तुस्थितीत आहे.

येथेच ‘स्थिरीकरण’ या रूढ समजुतीचाही विचार केला पाहिजे. काळी जमीन दिलेल्या स्फुरदाचा मोठा भाग ‘बांधून टाकते’, म्हणून दरवर्षी पूर्ण मात्रा दिलीच पाहिजे, असे व्याख्यानांतून सांगितले जाते. बांधला जाणे आणि नष्ट होणे यांत फरक आहे. मातीच्या कणांनी धरलेल्या स्फुरदाचा काही अंश पुढील हंगामांत परत मिळतो, आणि पाटणचेरूच्या काळ्या जमिनीवरील अभ्यासांनी अशा शिल्लक स्फुरदाचा पिकाला होणारा लाभ दाखवून दिला आहे. वर्षानुवर्षे एकरी एक पोते डीएपी पडलेल्या शेतात हा साठा वाढत जातो. तो मोजण्याचे आज हाती असलेले साधन म्हणजे माती परीक्षणच. म्हणून ‘परीक्षण निरर्थक आहे’ असा निष्कर्ष येथून निघत नाही, उलट त्याची गरज अधिक ठळक होते.

मूळ, ओलावा आणि आकडा

अर्धा तास हलविलेल्या बाटलीत मातीच्या वीसपट द्रावण असते आणि प्रत्येक कण द्रावणाच्या सान्निध्यात येतो. शेतात असे घडत नाही. मूळ जेथे पोहोचते तेथलाच स्फुरद पिकाला मिळतो, आणि तो मुळापर्यंत विसरणाने, ओलाव्याच्या पातळ थरातून येतो. पावसाच्या दीर्घ खंडात जमीन भेगाळली की हा मार्गच तुटतो. ऑगस्टमधील खंडाने सोयाबीनची पाने निस्तेज होतात, तेव्हा पत्रिकेवरील स्फुरदाचा आकडा बदललेला नसतो. कोरडवाहू परभणीत स्फुरदाची उपलब्धता हा पुष्कळ अंशी पाण्याचाही प्रश्न आहे, आणि ही बाजू कोणत्याही निष्कर्षण पद्धतीच्या कक्षेबाहेर राहते.

पिकापिकांतील भेदही असाच कक्षेबाहेरचा. हरभऱ्याची मुळे सायट्रिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले सोडतात आणि चुन्याशी बांधलेला स्फुरद विरघळवितात. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल स्रवते व लोहाशी बांधलेला स्फुरद मोकळा होतो, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आए व सहकाऱ्यांच्या संशोधनाने दाखविले. काळ्या जमिनीत कॅल्शियमयुक्त स्फुरद अधिक असल्याने तुरीचा हा गुण तेथे तितका प्रभावी ठरत नाही आणि हरभऱ्याचा अधिक ठरतो. जिल्ह्यात सोयाबीनमध्ये तूर आणि सोयाबीननंतर हरभरा ही पीकपद्धती सर्वत्र दिसते. या तिन्ही पिकांना एकच ‘उपलब्ध’ आकडा लावताना आपण मुळांच्या या कर्तबगारीला शून्य किंमत देतो.

शिफारस आणि तिची किंमत

वर्गवारीनंतर शिफारस येते. सर्वसाधारण रीत अशी की, ‘कमी’ पातळीस शिफारशीत २५ टक्के वाढ आणि ‘जास्त’ पातळीस २५ टक्के घट. सोयाबीनसाठी ‘मध्यम’ जमिनीला ६० किलो आणि ‘कमी’ जमिनीला ७५ किलो स्फुरद. फरक १५ किलोचा, म्हणजे सुमारे ३३ किलो डीएपीचा. पोत्याचा १३५० रुपये हा दर धरल्यास हेक्टरी सुमारे ८८० रुपये. वर दाखविल्याप्रमाणे केवळ थराची जाडी व घनता यांच्या गृहीतकाने हा फरक पडू शकतो. शेतकऱ्याच्या खिशातील रकमेवर शासनाचे अनुदान वेगळे, आणि स्फुरदयुक्त खते व त्यांचा कच्चा माल यांसाठी देश मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे, ही गोष्ट वेगळी.

जादा मात्रेची हानी केवळ पैशाची नाही. स्फुरदाचा अतिरेक पिकातील जस्ताचे संतुलन बिघडवितो. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त जमिनींत जस्त व लोह यांची कमतरता आधीच आढळते. उलट बाजूने पाहता, खरोखर कमतरता असलेल्या हलक्या रानाला सरासरीच्या आकड्यामुळे ‘मध्यम’चा शिक्का मिळाला, तर त्या अल्पभूधारकाचे उत्पादन घटते आणि त्याचे कारण त्याला कधीच कळत नाही. दोन्ही चुकांचे ओझे शेवटी एकाच खांद्यावर पडते.

पद्धतीच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ढोबळ वर्गवारी मुद्दामच ढोबळ ठेवलेली असते. लाखो नमुन्यांच्या कामात सूक्ष्मता परवडत नाही, आणि अंदाजे खत देण्यापेक्षा ढोबळ माहितीवर दिलेले खत बरे. हे म्हणणे मान्य करता येते. परंतु तसे असेल तर अहवालानेही तितकाच ढोबळपणा कबूल केला पाहिजे. ‘८.९६ किलो’ असे दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेले उत्तर अचूकतेचा जो आभास निर्माण करते, त्याला वरीलपैकी कोणत्याच टप्प्याचा आधार नाही.

समारोप

परभणी जिल्ह्यात उपलब्ध स्फुरदाच्या परीक्षणासाठी योग्य पद्धत आहे, प्रयोगशाळा आहेत, विद्यापीठ आहे आणि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर सोयाबीन-करडई पीकपद्धतीवरील दीर्घकालीन खतप्रयोगही आहे. उणीव आहे ती या घटकांना जोडणाऱ्या दुव्याची. प्रयोगशाळेचा आकडा आणि शेतातील प्रतिसाद यांची तालुकानिहाय, जमिनीच्या प्रकारानिहाय आणि पीकनिहाय सांगड घातली जाईपर्यंत तो आकडा निर्देशांकच राहील, साठ्याचा हिशेब होणार नाही.

ही सांगड घालण्यास फार मोठी यंत्रणा लागत नाही. अहवालात मूळ आकडा किलोमागे मिलिग्रॅम या एककात द्यावा, स्फुरदाचे रूप स्पष्ट लिहावे आणि निष्कर्षणावेळचे तापमान नोंदवावे. एकच संदर्भ-माती जिल्ह्यातील सर्व प्रयोगशाळांत फिरवून उत्तरांची तुलना करावी. या कामात महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभागही सहभागी होऊ शकतात, कारण पद्धतीला लागणारी रसायने व उपकरणे त्यांच्याकडे सहसा असतात. ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहणाऱ्या कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांनी नमुना घेतलेल्या शेतात स्फुरदाविना एक पट्टा राखून त्याचे उत्पादन स्वतंत्र मोजावे. अशा काहीशे पट्ट्यांच्या नोंदी चार-पाच हंगाम जमल्या, तर परभणीच्या काळ्या जमिनीची स्वतःची निर्णायक पातळी आकार घेऊ लागेल.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी डायरने ‘उपलब्ध’ या शब्दाआधी लावलेले ‘बहुधा’ हे विशेषण आज कोणत्याही पत्रिकेवर दिसत नाही. ते गळून पडावे असे वाटत असेल, तर ते छपाईतून गाळून चालणार नाही. स्फुरद न दिलेल्या पट्ट्यातील सोयाबीन शेजारच्या पट्ट्याइतके आले की नाही, हे शेतात मोजूनच त्याची गरज संपविता येईल.